गमी खाल्ली जर्सीत, जाब विचारणार वॉशिंग्टन

एडिसनचे बाबा: आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसन गावचे. मुलगा अमेरिकेतलाच जन्म, वय २४. डिफेन्सच्या कामाची ऑफर आलीय, पण सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय कामासाठीची सरकारी मंजुरी) मिळाला तरच. त्यासाठीच्या एसएफ-८६ फॉर्मच्या कलम २३ मध्ये गेल्या ७ वर्षांतलं विचारतात: अमली पदार्थ घेतलेत का, पहिल्यांदा कधी, शेवटचे कधी, पुढे घेणार का? परवा वरणभात कालवता कालवता पोरगा म्हणाला, "मी हो लिहिणार. गांज्याच्या गमी, त्या चघळायच्या गोळ्या, खाल्ल्यात." मी म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. न्यू जर्सीत २०२२ पासून दुकानात उघड विकतात, टॅक्ससकट बिल देतात. मग कबुली कसली द्यायची?

मेरीलँडकर: बाबा, फॉर्म नीट वाचा. राज्यात चालत असलं तरी उत्तर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याप्रमाणे द्या, असं तिथेच छापलंय. आणि खोटं लिहिणं हा वेगळा फेडरल गुन्हा, ५ वर्षांपर्यंत कैद. गमीने क्लिअरन्स जाईलच असं नाही, थापेने मात्र जाऊ शकतो. तपासनीस मित्रांना, शेजाऱ्यांना भेटतात. कॉलेजातला रूममेट सहज बोलून जाईल.

रोखठोक: म्हणजे खरं बोलून हात दाखवून अवलक्षण! दारू पिऊन धिंगाणा घालणारे नोकरीला लागतात आणि दोन गमीवाल्याची चौकशी. कोलोरॅडोने २०१२ मध्येच मोकळीक दिली, वॉशिंग्टनचं केंद्र सरकार अजून १९७० च्या कायद्याला धरून बसलंय. हा दुटप्पीपणा नाही तर काय?

मेरीलँडकर: दुटप्पीपणा आहेच. पण दारूचं तर त्याच फॉर्ममध्ये वेगळं कलम आहे, तीही सुटत नाही. आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये तेव्हाच्या राष्ट्रीय गुप्तचर संचालक अ‍ॅव्हरिल हेन्स यांनी लेखी कळवलं की पूर्वीचं गांजासेवन विचारात घ्यायचं, पण तेवढ्यावरून निकाल लावायचा नाही. किती वेळा, कधी थांबलं, पुन्हा होईल का, हे बघायचं. एफबीआयनेही नोकरीसाठीची गांजा न घेतल्याची ३ वर्षांची अट १ वर्षावर आणलीय. अजून घेत असेल तर मात्र दार बंद, तिथे माझंही काही म्हणणं नाही.

एच-वन-बीवाला: तुमचा पोरगा नागरिक आहे, म्हणून ही चैन. आम्ही कामाच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांनी असंच "हो" म्हटलं तर मुक्कामच धोक्यात. दुकानाच्या दारातूनही जात नाही मी.

रोखठोक: बघा! कायदा सरळ असता तर माणसाला दुकानाच्या दाराची भीती वाटली नसती. तरी बाबा, लिहा म्हणावं. पटलं म्हणून नाही, रूममेटच्या भीतीने.

एडिसनचे बाबा: काल रात्री त्याने भरला फॉर्म. शेवटची तारीख आठवेना. शेवटी फोनमधून ते दुकानाचंच बिल शोधून काढलं. ही अजून माझ्याशी बोलत नाहीये, म्हणते तुम्हीच त्याला खोटं शिकवत होतात.