लंडन: बाबांना व्हीलचेअरवरून टेट मॉडर्न दाखवायचं आहे, सल्ला हवा

रानजाई:
नमस्कार मंडळी. बाबा पुढच्या महिन्यात मिरजेहून आमच्याकडे लंडनला येतायत. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. पक्षाघातानंतर उजवी बाजू अधू झाली. घरात काठीवर चालतात, बाहेर व्हीलचेअर लागते. त्यांना टेट मॉडर्न ही आधुनिक कलेची गॅलरी बघायचीय, त्यातही गोव्याचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचं काम. पण मुंबईत एका गॅलरीत त्यांना मागच्या दाराने, सामानाच्या लिफ्टमधून वर नेलं होतं. तेव्हापासून असा विषय निघाला की "तुम्हीच जाऊन या" म्हणतात. इथे तसं व्हायला नको. कुठून आत जायचं, काय बघायचं?

थेम्सकाठ:
रानजाई, नक्की न्या. माझी आई व्हीलचेअरवर असते आणि आम्ही तिथे नेहमी जातो. मूळचं हे वीजनिर्मिती केंद्र, २००० साली त्याची गॅलरी झाली. हॉलंड स्ट्रीटच्या बाजूने एक रुंद उतार थेट टर्बाइन हॉलमध्ये, म्हणजे गॅलरीच्या प्रचंड मोठ्या मुख्य दालनात जातो. चालणारे, बाबागाडीवाले, व्हीलचेअरवाले, सगळे त्याच उतारावरून आत जातात. मुंबईचा अनुभव असा असेल तर बाबांना तिथूनच न्या, हे मी मुद्दाम सांगते. उतार लांब आहे, तेव्हा खुर्ची मागून घट्ट धरा. जड वाटलं तर नदीकडच्या दारालाही पायऱ्या नाहीत.

हॉलमध्ये घाई करू नका. २००७ मध्ये कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी कलाकृती म्हणून इथल्या जमिनीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग पाडली होती. नंतर ती बुजवली, पण वण अजून दिसतो. खुर्चीतून तो उभ्या माणसापेक्षा जवळून दिसतो. आई दर वेळी त्याच्या कडेकडेने जायला लावते. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं लाल पडद्याचं अजस्र शिल्प २००२ मध्ये याच हॉलभर ताणलेलं होतं, हेही बाबांना सांगा.

मोरपंखी:
प्रवासाचं सांगतो. भुयारी रेल्वेच्या ज्युबिली लाइनचं साउथवर्क स्टेशन घ्या, रस्त्यापासून गाडीपर्यंत लिफ्ट आहे. तिथून चालत दहा-एक मिनिटं. बसला मधल्या दारातून रॅम्प निघतो आणि व्हीलचेअरवाल्यांना तिकीट नाही. थकले तर सरळ काळी टॅक्सी, तिच्यातही रॅम्प असतो.

कुंचला:
सूझांची 'क्रुसिफिक्शन' (१९५९) टेटच्या संग्रहात आहे, पण संग्रहातलं सगळं कायम भिंतीवर नसतं. निघायच्या आदल्या दिवशी टेटच्या वेबसाइटवर त्या चित्राचं पान उघडा. प्रदर्शित आहे का आणि कुठल्या दालनात, ते तिथे लिहिलेलं असतं. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून काढून टाकलेल्या, गोव्यातल्या साळगावच्या या माणसासाठी बाबा एवढ्या लांबून येणार, तर तेवढी खात्री हवीच.

अडचणीही सांगते. चित्रांशेजारच्या पाट्यांची अक्षरं बारीक, त्यात खुर्चीच्या उंचीवरून प्रकाश चमकतो. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून द्या. व्हिडिओंच्या काळोख्या खोल्यांत आधी तुम्ही डोकावून या, आत खुर्ची वळवायला जागा आहे का ते बघा. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको यांच्या दालनातही उजेड मंद असतो, पण तो तसाच हवा. तिथे खुर्ची मध्यभागी थांबवा आणि त्यांच्याशी बोलू नका, डोळे सरावू द्या.

मूळ संग्रह फुकट आहे. तिकिटाचं प्रदर्शन असेल तर अपंग व्यक्तीला सवलत आणि सोबत्याला तिकीट नाही. मागायला संकोचू नका. अपंगांसाठी वाजवी सोय करणं २०१० च्या समानता कायद्याने इथे बंधनकारक आहे.

थेम्सकाठ:
आणि शनिवार-रविवार टाळा, लिफ्टसमोर फार गर्दी होते. दोन मजले पुरेत. चौथ्या मजल्यावर जुनं वीज केंद्र आणि त्याला जोडून बांधलेली नवी इमारत यांना जोडणारा पूल आहे, तिथून खालचा हॉल बघायला विसरू नका.

रानजाई:
खूप आभार. उताराचं वाचून दाखवलं तर बाबांनी लगेच नकाशा मागितला. एक विचारायचं राहिलं: ते आता डाव्या हाताने रेखाटन करतात. तिथे वही काढून बसलं तर चालेल का?

कुंचला:
संग्रहाच्या दालनांत पेन्सिल चालते, ओले रंग नाही. जाड कागदाची वही आणि खाली धरायला पुठ्ठा न्या, खुर्चीत मांडीवर कागद घसरतो.