फ्लडप्लेनला मराठीत काय म्हणावं : पूरमैदान की मळी?

नदीकाठ : कोल्हापुरात विद्यापीठात एम.ए.ला भूगोल आणि नगररचना शिकवतो. मराठी टिपणं काढताना फ्लडप्लेनपाशी, म्हणजे पुरात नदी जिथं पसरते त्या काठच्या सपाट जमिनीपाशी, अडलोय. पुस्तकी शब्द 'पूरमैदान', मी तोच फळ्यावर लिहिला. आंबेवाडीकडची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्यात ह्याला मळी म्हणतात. मैदान म्हंजे गांधी मैदान." मला तिचं पटलं. मैदान म्हटलं की मोकळी जागा दिसते, आणि मोकळ्या जागेचे प्लॉट पडतात. मळी म्हटलं की ही जमीन नदीच्या गाळाची, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी, हे वेगळं सांगावं लागत नाही. टिपणात मळी लिहू का?

उसाचा फड : नका लिहू. अर्ध्या जिल्ह्याला मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा चिकट पाक, ज्याची डिस्टिलरीत दारू होते. 'मळीमिश्रित पाणी नदीत सोडले' ही बातमी वाचून तुमची पोरं काय समजायची?

रंकाळवेस : दोन्ही चालतंय की! मळीतली वांगी म्हटल्यावर कुणी कारखान्याची टाकी बघायला जात न्हाई. आज्जी बाजारात आधी विचारायची, "मळीतली हैत का माळावरची?" माळावरची असली तर हातसुद्धा लावायची न्हाई. माझ्या मते मळा तशी मळी. मळा मोठा, मळी नदीकडची चिंचोळी पट्टी.

शब्दवेल्हाळ : मळ्याशी संबंध नसावा. मूळ 'मळ'. नदीनं वाहून आणलेला तो मळ, उसाच्या रसातून उरला तोही मळच. पण परिभाषेला एका शब्दाचा एकच अर्थ लागतो. पूरमैदान रुळलंय, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत तेच आहे. गावोगावचे शब्द घेऊ लागलात तर सांगलीचा विद्यार्थी आणि नांदेडचा विद्यार्थी एकमेकांचं उत्तर वाचू शकणार नाहीत.

नदीकाठ : परिभाषेनं समज वाढते असं मला वर्गात दिसत नाही. 'पूररेषा' घ्या. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शब्द एकार्थी आहे, तरी दर वर्षी प्रश्न येतो : "मग 2019 नंतर लगेच 2021 ला कसा आला?" दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, मग आदल्या वर्षी येवो न येवो, हे समजावता समजावता तास संपतो. उलट पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाण्याची पातळी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे नदीकाठच्या घरात लहान पोरही सांगतं.

उसाचा फड : आणि मळी शब्दानं माणूस शहाणा होत असता तर चिखली-आंबेवाडी पुरात सापडलीच नसती. तिथं तर शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे.

नदीकाठ : ती जुनी गावं आहेत, शेतीसाठी पाण्याजवळ बसलेली. मी बोलतोय ते शहरातल्या बांधकामांबद्दल, जिथं भराव टाकून मळीची आधी 'साइट' केली. पेपरवाले तरी काय लिहितात? 'पंचगंगा पात्राबाहेर पडली'. बाहेर कुठं? ती तिच्याच जागेत पसरते.

रंकाळवेस : हे मात्र शंभर टक्के! नगररचनेला आमचे शब्द घ्याच. पांढरी म्हंजे वस्तीची जमीन, काळी म्हंजे पिकाची. दोन शब्दांत झोनिंग झालं. आणि टी जंक्शनला तिकटी म्हणा. मिरजकर तिकटी असताना जंक्शन कशाला?

तळकोकण : आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडे तिठा म्हणतात. तिकटी मी कोल्हापुरातच ऐकली.

शब्दवेल्हाळ : तिठा 'त्रि' आणि 'स्था'वरून असावा. तिकटीतला 'कट' कुठला?

रंकाळवेस : कट न्हाई ओ, काठी! तीन काठ्या एकत्र बांधल्या की तिकटी, तसे तीन रस्ते.

उसाचा फड : मग चौकाला चौकटी का म्हणत नाहीत?