झोपेची गोळी खाणारे सगळे मनानं कमजोर? मग हे वाचाच

लातूरची_लेक
परवा एका भाऊंनी लिहिलं, "दिवसभर रानात राबलं की रात्री दगडावर पण झोप लागते. झोपेच्या गोळ्या म्हणजे बसून खाणाऱ्यांचे चोचले, मन कमजोर असल्याचं लक्षण, आन् एकदा धरली की मरेपर्यंत सुटत नाही." खाली नुसते अंगठेच अंगठे. तवापासून डोकं तापलंय, त्यामुळं लांबलचक लिहिणारंय, ज्याला कंटाळा येईल त्यानं खाली सरकावं.

माझ्या आईचं माहेर किल्लारीच्या शेजारचं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली आन् पहाटे चारच्या आत भूकंपानं सगळं खाली आलं. आजी आन् धाकटा मामा त्यात गेले. आई सासरी होती म्हणून वाचली, पण तिची पहाटेची झोप तेव्हा गेली ती गेलीच. आता सांगा, खुरपणी, सोयाबीनची काढणी, ज्वारीची कापणी, ह्या बाईनं राबायचं काय बाकी ठेवलं होतं? दगडाचं सोडा, गादीवर लागत नव्हती. वडील वारल्यावर तर रात्र रात्र उठून बसायची, बीपी वाढलं, गॅसवर दूध ठेवून विसरायची. मानसोपचारवाल्या डॉक्टरकडं न्यायचं म्हटलं तर भावकी म्हणते, "येडी ठरवता का तिला?"

नेलं शेवटी. डॉक्टरनं झोपेची गोळी दिली, कमीत कमी डोसची, थोड्याच आठवड्यांसाठी, आन् बंद कधी करायची ते पहिल्याच चिठ्ठीवर लिहून दिलं. मनाच्या दुखण्याचं औषध वेगळं. वर पथ्य, रोज एकाच वेळेला उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही, झोप येईना तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं. हे पथ्य जागरणानं मोडलेल्या माणसाकडून होत नसतंय, आधी थोडा डोळा लागावा लागतो, तेवढं काम गोळीनं केलं. मग कमी कमी करत डॉक्टरनंच बंद केली.

बीपीची गोळी खाणाऱ्याला कुणी कमजोर म्हणत नाही. झोपेची असली की पदराच्या गाठीत लपवायची. आन् लपवून खाणाऱ्याला डोस किती, किती दिवस झाले, हे कोण विचारणार? तुमच्या असल्या पोस्टीनं माणसं गोळी सोडत नाहीत, फक्त चोरून खातात.

रानातला_माणूस
ते भाऊ म्हंजी मीच. तोंडावर बोलायचं की ताई, परवा-परवा काय करायलात.

तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. पण तुमच्या आईला जसा डॉक्टर भेटला तसा किती जणांला भेटतो? माझ्या चुलत्याला भेटला नाही. पोरीच्या लग्नाच्या टेन्शनमधी कुणीतरी अल्प्राझोलम लिहून दिली, गुंगीची गोळी, पॉईंट पंचवीस मिलीग्रॅमची. डॉक्टर बदलून गेला, गोळी राहिली. मेडिकलवाला ओळखीचा, मागितली की देतोय. पॉईंट पंचवीसची पॉईंट पाच झाली, मग एकाच्या दोन. पुढं पंढरीच्या वारीला गेला, गोळ्या घरी राहिल्या, आन् वाटंत हातपाय कापायले, घाम, भास, शेवटी फिट आली. सोबतचे म्हणले उन्हानं झालं. उन्हानं नव्हतं ओ, गोळी एकदम तुटली म्हणून होतं! आन् तुम्ही मला शिकवायलात गोळी चांगली म्हणून.

मेडिकलवाला_परभणी
आलं का शेवटी मेडिकलवाल्यावर. वाटच बघत होतो.

अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ह्या सगळ्या २०१४ पासून शेड्यूल एच-वन मधी आहेत. लेबलवर लाल चौकट असते बघा. चिठ्ठीबिगर द्यायची नाही, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या सगळं वेगळ्या रजिस्टरला, ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. हे करणारे पण दुकानदार आहेत, त्यांचं कुणी नाव घेत नाही.

गिऱ्हाईक काय करतं ते ऐका. माझ्याकडं एक मामा येतात, चिठ्ठीला लॅमिनेशन केलंय त्यांनी! लॅमिनेशन! आत ०.२५ चं बॉलपेननं ०.५ केलेलं, निळ्या अक्षरात एवढंच काळं. नाही म्हटलं की "तुझ्या बापाला ओळखतो मी" म्हणून दुकानासमोर तमाशा, आन् शेजारच्या गल्लीतून अर्ध्या तासात घेऊन पण येतात. आन् डॉक्टर लोक? "सीटी ऑल", म्हंजी सगळं चालू ठेवा, लिहून मोकळे. काय चालू ठेवायचं, किती दिवस, ते आम्ही कुंडली बघून सांगायचं का?

रानातला_माणूस
म्हंजी मिळतीय शेजारच्या गल्लीत. झालं की माझंच खरं.

गोदाकाठ_नांदेड
चुलत्याला झालं तसं आमच्या शिवेवर लय बघितलंय. धर्माबाद, बिलोली, देगलूर, पलीकडं तेलंगणा. तिकडं शिंदीत क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं रसायन नायतर हेच अल्प्राझोलम कालवल्याच्या केसेस कैक वर्षांपासून निघतात. २०२० च्या लॉकडाऊनमधी शिंदीची दुकानं बंद झाली तर हैदराबादला एर्रागड्डाच्या मनोरुग्णालयात अशाच माणसांची रीघ लागली, थरथर, बडबड, फिट. पिणाऱ्याला माहीत पण नसतं आपण गोळी खायलोत. आन् संभाजीनगरात पोरं नायट्राझेपामला "बटन" म्हणतात, ते तर सगळ्यांलाच माहितीय.

लातूरची_लेक
नशा करणारी पोरं आन् माझी आई एकाच पोत्यात भरू नका.

गोदाकाठ_नांदेड
भरलं नाही ताई, गोळी तीच आहे एवढंच म्हणलो.

बीडकर_पुण्यात
इथं सगळे एवढे का घाबरलेत? मी झोल्पिडेम घेतो, अमेरिकेची शिफ्ट असते, सकाळी येऊन झोपायचं तर काय करणार. दोस्ताची चिठ्ठी आहे, काही होत नाही. एकदाच गंमत झाली, उठून बघतो तर मॅगी करून खाल्लेली, गॅस चालू, आणि एक्स गर्लफ्रेंडला भलेमोठे मेसेज. मला काहीच आठवत नाही 😂

सिस्टर_अंबड
ह्यात हसण्यासारखं काय आहे? गॅस चालू होता म्हणता. ह्याच कारणासाठी २०१९ ला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी औषध खात्यानं, झोल्पिडेमवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, झोपेत स्वयंपाक, झोपेत चालणं, झोपेत गाडी चालवणं, माणसं मेलीत त्यात. असं एकदा जरी झालं तरी ती गोळी परत घ्यायची नाही असं त्यात स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर तर अजिबात नाही. घेऊन सात-आठ तास झोपायला वेळ नसेल तर घ्यायचीच नसते. बायकांच्या शरीरातून ती सावकाश उतरते म्हणून २०१३ ला बायकांचा डोस दहा मिलीग्रॅमचा पाच केला त्यांनी. आपल्याकडं नवऱ्याच्या स्ट्रिपमधली बायकोला देतात.

आता लेक ताईंना. तुमची बाजू मला पटते, पण वॉर्डात काय बघते ते पण ऐका. म्हातारी माणसं रात्री लघवीला उठतात, गोळीच्या गुंगीत तोल जातो, खुबा मोडतो. मग ऑपरेशन, मग अंथरूण. घोरणाऱ्याचा झोपेत श्वास अडकत असेल तर काही गोळ्यांनी ते वाढतं. आन् दारू वर गोळी म्हणजे श्वासच मंदावतो, ती केस सकाळी येते तेव्हा आमच्या हातात काही नसतं.

तुमच्या आईला सांगितलं ते पथ्य, ते झोपेच्या समुपदेशनातलंच आहे. जुनाट निद्रानाशाला आधी ते करा, गोळी नंतर, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ लाच सांगितलं. पण करणार कोण? ओपीडीत माणसामागं दोन मिनिटं मिळत नाहीत. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं बघा, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाडा कुठंय त्यात?

बीडकर_पुण्यात
ओके ओके, मॅगीवाली बंद. खूष?

माजलगावचा_बागायतदार
सिस्टर, चार मनोरुग्णालयं ठीक, आमच्या झोपीचं खरं कारण कुणीच बोलंना. रात्रीची लाईट! ह्या आठवड्यात मोटरीची थ्री फेज लाईट रात्री बाराला येती. हरभऱ्याला स्पिंकलर, पाईप बदलायला दर दोन-तीन तासाला उठायचं, चिखल, थंडी, पायाखाली काय आहे दिसत नाही. पुढल्या आठवड्यात दिवसाची लाईट, तवा दिवसा काम आन् रात्री डोळा लागत नाही कारण शरीराला सवय बाराची. कोणती गोळी देता ह्याला?

रानातला_माणूस
आता कसं बोललास! दोन वर्षांमागं आमच्या शिवारात एक जण रात्री पाणी देताना सापानं गेला.

गोदाकाठ_नांदेड
स्टार्टरला ऑटो बसवा की मालक, लाईट आली की मोटर आपोआप चालू.

माजलगावचा_बागायतदार
बसवलंय! सगळ्यांनीच बसवलंय! लाईट आली की साऱ्या शिवाराच्या मोटरी एकदम उठतात आन् डीपी, म्हंजी ट्रान्सफॉर्मर, जळतो. मग डीपीसाठी वर्गणी, डीपी आणायला ट्रॅक्टर आमचाच. आन् मोटर आपोआप चालू झाली तरी पाईप आपोआप बदलतो का? कधी रानात गेला होता का?

गोदाकाठ_नांदेड
नीट बोला. माझी सात एकर आहे.

मेडिकलवाला_परभणी
सोलर घ्या ना. मागेल त्याला सौर पंप चालू आहे, दहा टक्के भरायचे.

माजलगावचा_बागायतदार
घेणारे रडायलेत. अडीच ते पाच एकरवाल्याला पाच एचपी, आन् आमचं बोअर इतकं खोल की पाच एचपी धाप टाकतो. ढगाळ असलं की तेवढं पण नाही.

रानातला_माणूस
आमच्या मेव्हण्याचं मस्त चालतंय. विहिरीवर आहे त्याचं. तवापासून रात्री रानात जात नाही, झोपतो मेल्यासारखा, कोणती गोळी नाही काही नाही.

माजलगावचा_बागायतदार
विहिरीवर चालणारच! बोअरचं बोला.

लातूरची_लेक
मी धागा झोपेच्या गोळीवर काढला होता. बोअर, सोलर, डीपी ह्यासाठी वेगळा काढा.

माजलगावचा_बागायतदार
ताई, रात्री बाराला तुमच्या आईला कुणी रानात पाठवत नव्हतं. आमचं हेच निद्रानाशाचं कारण आहे, त्यावर बोलू नये का?

लातूरची_लेक
माझ्या आईनं काय केलं आन् काय नाही ते तुम्ही मला सांगू नका. वडील गेल्यावर रात्रीचं पाणी तीच द्यायची, बॅटरी दातात धरून.

माजलगावचा_बागायतदार
...बरं. ते माहीत नव्हतं.

सिस्टर_अंबड
बागायतदार भाऊ, तुमचा मुद्दा खराच आहे. पाळी बदलत राहिली की शरीराचं घड्याळ बिघडतंच, गोळीनं ते जागेवर येत नाही. आन् गोळी घेऊन बाराला उठून रानात तर मुळीच जायचं नाही.

रानातला_माणूस
चला, "बसून खाणाऱ्यांचे चोचले" एवढं वाक्य काढून टाकतो, लेक ताईंचा बीपी वाढायला नको, त्याला परत वेगळी गोळी लागायची. बाकीचं राहू देणार. चिठ्ठीवर बंद करायची तारीख लिहिणारा डॉक्टर दाखवा, मग ते पण काढतो.

पण एक विचारायचं होतं. चुलता परत घ्यायलाय. फिटीनंतर महिनाभर सोडली, परत चालू. ह्या खेपेला एकदम बंद करायची का?

मेडिकलवाला_परभणी
एकदम अजिबात नको! फिट त्यानंच आली होती. हळूहळू उतरवावी लागते, किती अन् कधी ते डॉक्टरच ठरवणार, घरी ब्लेडनं अर्ध्या-पाव करत बसू नका.

सिस्टर_अंबड
जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून घ्या. तोवर १४४१६ लावा, टेलिमानस, फुकट आहे, मराठीत बोलतात. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा सोबत न्या, रिकाम्या पण. किती खातो ते चुलता खरं सांगायचा नाही.

रानातला_माणूस
तो यायला तयार होईना ना. म्हणतो मला येडं ठरवता का.

लातूरची_लेक
त्यांना सांगा बीपी दाखवायला चाललोत. आम्ही तसंच नेलं होतं.