भारतातलं पेटंट जर्मनी-अमेरिकेत चालतं का?

प्रश्न: ठिबक सिंचनाच्या फिल्टरचा अर्ज भारतात दाखल होऊन ७ महिने झालेत. जर्मनी आणि अमेरिकेत निर्यात करायची आहे. वेगळं पेटंट लागेल का?

उत्तर १: लागेल. पेटंट ज्या देशाचं, त्याच देशात चालतं. तिकडे अर्ज नसेल तर कुणीही हुबेहूब फिल्टर बनवून विकू शकेल. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांच्या आत पीसीटी अर्ज (पेटंट सहकार्य कराराखालचा, अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज) करा, म्हणजे तुमच्याकडे ५ महिने उरलेत. पीसीटीतून पेटंट मिळत नाही, तिकडे अर्ज करायला फक्त वेळ मिळतो: अमेरिकेसाठी ३० महिने, युरोपीय पेटंट कार्यालयासाठी (जर्मनी त्यात येतो) ३१, दोन्ही पहिल्याच तारखेपासून. दोनच देश हवे असतील तर १२ महिन्यांत थेट अर्जही करता येतो. पण मग वकील, भाषांतर, फी हा सगळा खर्च लगेच अंगावर येतो. गिऱ्हाईक पक्कं नसेल तर पीसीटीच बरा.

उत्तर २: मूळ अर्जानंतर फिल्टरमध्ये सुधारणा केली असेल तर तिला जुनी तारीख मिळणार नाही. ती प्रदर्शनात दाखवण्याआधी नवा अर्ज टाका. अमेरिका स्वतःच्या प्रकटनाला (अर्जाआधी शोध स्वतःच उघड करण्याला) एक वर्षाची सवलत देते, युरोप देत नाही. आणि भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३९ विसरू नका: परदेशात अर्ज करण्याआधी नव्या भागासाठीही भारतात अर्ज करून ६ आठवडे थांबा, नाहीतर आधी भारतीय पेटंट कार्यालयाची परवानगी घ्या, फॉर्म २५ भरून.

प्रश्नकर्ता: जाळीची रचना बदलली आहे, अजून कुठे दाखवलेली नाही.

उत्तर २: मग ती आत्ताच दाखल करा. पीसीटीत दोन्ही अर्जांचा अग्रहक्क (आधीच्या अर्जाची तारीख मिळण्याचा हक्क) एकत्र मागता येतो.