मदत हवी आहे: ओढ्याला पोहण्यायोग्य पाण्याचं मानक लावून घेण्यासाठी पुरावा काय द्यावा?

अमेरिकेत ‘क्लीन वॉटर ॲक्ट’नुसार प्रत्येक राज्याने 3 वर्षांतून किमान एकदा पाण्याच्या मानकांचा फेरआढावा घ्यायचा असतो. आमच्या राज्यात तो सध्या सुरू आहे. इथल्या एका ओढ्याला पोहण्याचं मानक लागू नाही, पण उन्हाळाभर मुलं त्यात गळ्यापर्यंत डुंबतात! पोहण्याचा वापर शक्य आहे असं नव्या माहितीतून दिसलं, तर अशा ओढ्यांचा वापर-दर्जा (पाणी कोणत्या वापरासाठी योग्य ठेवायचं ते) आढाव्यात बदलावा लागतो, म्हणून ही संधी सोडायची नाही.

नियम वाचलेत. तारीखवार फोटो आहेत. स्वयंसेवकांनी ई. कोलाय जिवाणूच्या चाचण्याही केल्यात, पण राज्याने मंजूर केलेला गुणवत्ता आराखडा (नमुने कसे घ्यायचे, तपासायचे याची लेखी पद्धत) आमच्याकडे नाही. वकील परवडणार नाही, आणि लेखी सूचनांची मुदत जवळ आलीय. वापर सिद्ध करायला फोटो पुरतात का? आराखड्याशिवायच्या चाचण्या सोबत जोडाव्यात, की त्याने उलट मागणी कमकुवत होईल?