दहावा आठवडा चालू आहे, रक्त गोठण्याच्या तपासणीवरून पुढचं बीपी कळतं का?

प्रश्न – मानेवाड्याची आई

माझं दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी आठवा लागला तेव्हा मे महिना होता. पाय सुजले तर घरचे म्हणाले, नागपूरचं ऊन आहे, होतं असं. जोडवी बोटात इतकी रुतली की साबण लावून काढली, तरी बीपी मोजायचं कोणाला सुचलं नाही. मोजलं तेव्हा १६०/११०, लघवीत प्रोटीन. ३३व्या आठवड्यात सिझर झालं, लेक बारा दिवस काचेत होती. आता एक लॅबवाला सांगून राहिला की पीटी, एपीटीटी, डी-डायमर या रक्त गोठण्याच्या तपासण्या आत्ताच करा, धोका आधीच कळतो. करू का? खूप भीती वाटते.

उत्तर – लेबर रूमची सिस्टर

ताई, त्यासाठी ते पॅकेज नका घेऊ. दिवस राहिले की रक्त मुळातच जास्त गोठायला लागतं, बाळंतपणात फार रक्त जाऊ नये ही शरीराची तजवीज. डी-डायमर आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) चांगल्या तब्येतीच्या गरोदर बाईतही चढतात. पीटी-एपीटीटी तर प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे तुम्हाला झाला तो गरोदरपणात बीपी चढण्याचा आजार, बळावला तरी बहुतेकदा नॉर्मलच येतात. काहींच्या प्लेटलेट १ लाखाखाली जातात, पण तोवर आजार अंगावर आलेला असतो.

तुमची वेळ आत्ताची आहे. ११ ते १३ आठवड्यांच्या एनटी सोनोग्राफीतच (बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती) गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, होतो, सोबत दोन्ही हातांचं बीपी आणि पीएलजीएफ (वारेतून येणारं प्रथिन) ही रक्ततपासणी. २०१७ च्या अ‍ॅस्प्रे अभ्यासात, अशा तपासणीत धोका दिसलेल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली, तर ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागणारा प्री-एक्लॅम्प्सिया ६२ टक्क्यांनी घटला. गोळी शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी. मनाने घेऊ नका, पण डॉक्टरांना स्वतःहून विचारा. पहिल्या वेळचा त्रास हेच त्यासाठी पुरेसं कारण आहे.

गोठण्याशी संबंधित एकच तपासणी तुमच्या बाबतीत विचारण्यासारखी, एपीएलए, म्हणजे रक्तात गुठळ्या करू शकणाऱ्या अँटिबॉडीची. ३४ आठवड्यांच्या आत असं झालं म्हणून. जुनी डिस्चार्ज फाइल न्याच.

उत्तर – महालमधली नणंद

माझ्या वहिनीला सूज नव्हतीच. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि छातीखाली दुखायचं. आम्ही ॲसिडिटी समजून थंड दूध देत बसलो. असं झालं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

मानेवाड्याची आई

सिस्टर, जीव भांड्यात पडला. फाइल घेऊन गेले होते. अ‍ॅस्पिरिन बाराव्या आठवड्यापासून, एपीएलएला रक्त दिलं, डॉपलर पुढच्या गुरुवारी. बीपीचं मशीन घरी आणलं. सासूबाई रोज सकाळी पट्टा बांधतात आणि आकडा वहीत लिहितात. आज ११८/७४.