ब्रिटनमध्ये पक्षाच्या शाखेत काम आणि वॉर्डावर ब्लॉग, दोन्ही एकत्र जमतं का?

रेडिंगकर_सातारचा

नमस्कार मंडळी. वर्क व्हिसावर रेडिंगला राहतो. मे २०२४ च्या कौन्सिल निवडणुकीत इथे पहिल्यांदा मत दिलं, ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालला. आपल्याला मत देता येतं हेच मला शेजारच्या आजोबांनी सांगितलं होतं. मग त्यांच्याबरोबर एका पक्षाच्या शाखेच्या बैठकीला गेलो. चर्चच्या हॉलमध्ये सगळी मिळून नऊ माणसं, त्यांत सर्वांत लहान मी. चहा संपायच्या आत मला विचारलं, दोन रस्त्यांची पत्रकं टाकशील का?

मला लिहायची आवड आहे. वॉर्डातल्या घडामोडींवर ब्लॉग काढावा, बैठकांत काय चालतं तेही लिहावं असं वाटतंय. पक्षात राहून कोणी असं लिहिलंय का?

स्विंडनचा_बाळू

मत कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मिळतं. कौन्सिलला उभं राहायचं मनात असेल तर मात्र वर्क व्हिसा पुरत नाही, आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) लागतो.

हॅरोची_मीनल

मी दोन्ही केलंय. सतरा वर्षं शाखेत आहे, त्यातली सहा सेक्रेटरी होते. लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते.

आधी पत्रकं टाक. सोबत लाकडी कालथा ठेव. इथल्या दारांत टपाल टाकायची फट असते, तिला आतून ब्रश असतो आणि पलीकडे कधीकधी कुत्रा. बोटं आत जाऊ द्यायची नाहीत, कागद कालथ्याने ढकलायचा. मग दारं ठोठवायला जा. एकाच्या हातात मतदार यादी असते, दाराशी बोलणं झालं की नावापुढे खूण होते: आपला, त्यांचा, अजून न ठरलेला. मतदानाच्या दिवशी सकाळी सात ते रात्री दहा आपलं माणूस केंद्राबाहेर उभं राहून येणाऱ्यांचे मतदार क्रमांक विचारतं (सांगायची सक्ती कोणावर नाही). ते क्रमांक यादीतून खोडायचे आणि आपल्यापैकी जे आले नाहीत त्यांची दारं संध्याकाळी पुन्हा ठोठवायची. २०१४ मध्ये वॉर्डातल्या तीन जागांपैकी आमचा तिसरा उमेदवार एकवीस मतांनी पडला. शेवटच्या तासाला पाय उचलेनात म्हणून आम्ही एक रस्ता सोडला होता. त्या रस्त्यावरून जाताना मला अजून वाईट वाटतं. १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून पाच मतांनी खासदार म्हणून निवडून आले. पाच मतं म्हणजे आजच्या हिशोबाने दोन घरं!

आता ब्लॉगचं. बंद होऊ घातलेलं वाचनालय, खड्डे, प्लॅनिंगचे अर्ज यांवर मी लिहायचे. दारात लोक विचारायचे, लायब्ररीवर लिहिणारी तूच का? मग एकदा उमेदवार निवडीच्या बैठकीत कोण कोणाच्या बाजूने बोललं ते लिहिलं. नावं टाकली नव्हती, पण एवढ्याशा खोलीत न टाकलेलं नावही सगळ्यांना कळतं. विरोधकांनी माझंच वाक्य त्यांच्या पत्रकावर छापलं. ज्या बाईंनी मला पत्रकांचा पहिला गठ्ठा दिला होता, त्या वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. चूक माझीच होती. त्या खोलीत माणसं विश्वासाने बोलली होती.

पण पक्षाच्या नियमांवर गप्प बसू नकोस. २००५ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह नेते मायकल हॉवर्ड नेता निवडायचा शेवटचा अधिकार सदस्यांकडून काढून खासदारांना द्यायला निघाले होते. त्याच पक्षाच्या टिम मॉन्टगोमेरींनी त्याच वर्षी सुरू केलेल्या कॉन्झर्व्हेटिव्हहोम या ब्लॉगने विरोध लावून धरला. सप्टेंबरात प्रस्ताव दोन-तृतीयांश मतांअभावी पडला आणि डिसेंबरात डेव्हिड कॅमेरून सदस्यांच्या मतांवर नेते झाले. तो पक्ष माझा नाही, पण सदस्यांनी लिहून आपला हक्क राखला याचं मला मोल वाटतं.

आणखी एक. शाखेने किंवा उमेदवाराने तुझ्याकडून प्रचाराचं काही लिहून घेतलं तर त्यावर प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे का बघ. छापील पत्रकाला ते लागायचंच, नोव्हेंबर २०२३ पासून ऑनलाइन प्रचारालाही लागतं. तुझ्या स्वतःच्या मताला लागत नाही.

स्विंडनचा_बाळू

मीनलताई, त्याच हक्कातून २०२२ मध्ये ८१,३२६ सदस्यांनी लिझ ट्रस यांना थेट पंतप्रधानपदावर बसवलं आणि ४९ दिवसांत त्या गेल्या. खासदारांच्या शेवटच्या फेरीत त्यांचे प्रतिस्पर्धी ऋषी सुनक पुढे होते. देशाचा पंतप्रधान एवढ्या थोड्या लोकांनी ठरवावा हे मला पटत नाही.

हॅरोची_मीनल

सत्तेत असताना नेता बदलायचा तर खासदारांनीच ठरवावं, इथवर मीही आले आहे. विरोधात असताना मात्र सदस्यांचं मत हवंच. पावसात दारोदार फिरणाऱ्याला नेता निवडतानाही विचारायचं नसेल तर तो का फिरेल?

रेडिंगकर_सातारचा

शनिवारी दोन रस्ते घेतलेत. पहिला लेख आमच्या कोपऱ्यावरच्या क्रॉसिंगवर लिहितोय, तिथला दिवा तीन आठवडे बंद आहे. बैठकीतलं काही लिहिणार नाही. ताई, त्या बाई पुन्हा बोलायला लागल्या का?

हॅरोची_मीनल

हो. पुढच्या निवडणुकीच्या वेळी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांचे रस्ते मी केले. मोजणीच्या रात्री हॉलमध्ये त्या काठी टेकत आल्या, शेजारी बसल्या आणि थर्मासमधला चहा आधी माझ्या कपात ओतला.